आल्विन क्रेन्झलाइन आणि पॅरिसचा एक रविवार

क्रीडाक्षेत्रातील उच्चांक हे मोडले जाण्यासाठीच असतात, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आणि तो बहुतांशी यथार्थही आहे. घड्याळे सूक्ष्म झाली, मैदाने गुळगुळीत झाली, आहार आणि सराव यांचे शास्त्र बनले. १९०० साली ज्या वेगाने ऑलिंपिकचे अजिंक्यपद मिळे, त्या वेगाच्या बळावर आज त्या स्पर्धेच्या उंबरठ्यावरही कोणी उभे करणार नाही. परंतु त्याच सालचा एक पराक्रम असा आहे की, सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी तो अबाधित राहिला आहे. धावण्याच्या व उड्यांच्या स्पर्धांत एकाच ऑलिंपिकमध्ये चार वैयक्तिक विजय मिळविणारा खेळाडू आजवर एकच झाला. त्याचे नाव आल्विन क्रेन्झलाइन.

येथे कोणी जेसी ओवेन्सचे नाव घेईल. ओवेन्सने १९३६ साली चार सुवर्णपदके मिळविली हे खरे. पण त्यांतील एक चौघांनी मिळून धावावयाच्या शर्यतीचे होते. हॉलंडच्या फॅनी ब्लँकर्स-कोएन यांची १९४८ सालची चार पदके आणि कार्ल लुईसची १९८४ सालची चार पदके यांचाही हिशेब तसाच आहे. फिनलंडचा पाव्हो नुर्मी १९२४ साली पाच सुवर्णपदके घेऊन घरी परतला, त्यांपैकी दोन सांघिक होती. एकट्याच्या पायांवर चार विजय, तेही तीन दिवसांत, मिळविणारा क्रेन्झलाइन मात्र एकमेवच राहिला. असे असूनही ओवेन्सचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते आणि क्रेन्झलाइनचे नाव क्रीडेतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारसे कोणी घेत नाही. त्याच्या चार विजयांपैकी एक विजय अवघ्या एका सेंटिमीटरचा आहे आणि तो सेंटिमीटर एका रविवारी मिळालेला आहे. त्याची हकीकत धर्म, नियम आणि शब्द यांच्याशी निगडित असल्यामुळे केवळ खेळाची आवड असणाऱ्यांनीच नव्हे, इतरांनीही ती जाणून घेण्यासारखी आहे.

क्रेन्झलाइनचा जन्म १८७६ सालच्या डिसेंबरातील. आईबाप जर्मनीतून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेले. त्याचे बालपण मिलवॉकी या शहरात गेले. तेथे जर्मन वस्ती इतकी दाट होती की, रस्त्यावर इंग्रजीइतकेच जर्मनही कानी पडे. शाळेत असतानाच धावणे, उड्या आणि गोळाफेक अशा नाना प्रकारांत त्याने नाव मिळविले. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात दोनएक वर्षे काढून तो फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दंतवैद्यक शिकण्यास गेला. तेथे माइक मर्फी हा त्या काळचा नामांकित क्रीडाशिक्षक होता. शिष्य गुणी आणि गुरू जाणता असा योग जुळला. १८९८ साली क्रेन्झलाइनने १२० यार्डांची अडथळ्यांची शर्यत १५.२ सेकंदांत आणि २२० यार्डांची २३.६ सेकंदांत पुरी करून दोन्हींत जागतिक उच्चांक प्रस्थापित केले. त्यांतील दुसरा तर जवळजवळ पाव शतक टिकला. १८९९ साली लांब उडीचा उच्चांकही त्याच्या नावावर लागला; ती उडी २४ फूट साडेचार इंचांची होती.

हे आकडे केवळ अंगबळाने आलेले नव्हते. त्यांच्यामागे एक विचार होता. तो काय होता हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे.

अडथळ्यांची शर्यत ही मूळची इंग्लंडची. मेंढ्या कोंडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जड लाकडी ताट्या मैदानात पक्क्या रोवून त्यांवरून विद्यार्थी धावत. ताटी रोवलेली असल्यामुळे पाय अडकला की ताटी पडत नसे, धावणारा पडे. साहजिकच प्रत्येकजण आधी स्वतःच्या हाडांचा विचार करी. ताटीजवळ आला की तो उंच उसळे, दोन्ही पाय पोटाशी घेई, अधांतरी बसल्यासारखा होई आणि पलीकडे उतरून तोल सावरून पुन्हा धावू लागे. अशा रीतीने एका शर्यतीत तो दहा वेळा धावणे थांबवी आणि दहा वेळा पुन्हा सुरू करी. १२० यार्डांच्या शर्यतीत साडेतीन फूट उंचीचे दहा अडथळे असतात. पहिला १५ यार्डांवर, त्यापुढचे दहादहा यार्डांच्या अंतराने. दर अडथळ्यापाशी सेकंदाचा दहावा हिस्सा जरी वाया गेला, तरी शर्यतीअखेर पुरा एक सेकंद जातो. आणि या शर्यतीत एक सेकंद म्हणजे जेता आणि शेवटचा यांच्यातील अंतर.

क्रेन्झलाइनने अडथळ्यावरून उडी मारणेच सोडून दिले. पुढचा पाय गुडघ्यात न दुमडता तो सरळ अडथळ्यावरून पुढे टाकी, धड त्या पायावर झुकवी आणि मागचा पाय बाजूला उघडून चटकन ओढून घेई. पुढचा पाय जमिनीला टेकताच मागचा पाय पुढल्या टांगेसाठी सिद्ध असे. देवळाचा उंच उंबरठा आपण उडी मारून ओलांडीत नाही, पाऊल उचलून पलीकडे टाकतो; तसाच हा प्रकार, फक्त पूर्ण वेगातला. अडथळा हा धावण्यातील खंड न राहता धावण्यातीलच एक लांब टांग झाला. सरळ पायाची ही कल्पना ऑक्सफर्डच्या क्रूम नावाच्या विद्यार्थ्याने १८८० नंतरच्या दशकात आधीच अजमावून पाहिली होती, तेव्हा शोधाचे सारे श्रेय क्रेन्झलाइनला देणे न्याय्य होणार नाही. पण कल्पना सुचणे वेगळे आणि ती अंगात इतकी मुरविणे वेगळे की पाहणाऱ्याला जुनी रीत एकाएकी खुळचट वाटू लागावी. आज ऑलिंपिकमध्ये कोणताही धावपटू अडथळा ओलांडताना पाहावा. बारकावे बदलले आहेत, मूळ रीत तीच आहे.

१९०० साली त्याला दंतवैद्यकाची पदवी मिळाली आणि त्याच उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियाचा संघ युरोपला निघाला. पॅरिसला जाण्यापूर्वी जुलैच्या आरंभी लंडनमध्ये इंग्लंडच्या अजिंक्यपदाच्या स्पर्धा झाल्या. तेथे क्रेन्झलाइनने अडथळ्यांची शर्यत आणि लांब उडी दोन्ही जिंकल्या. अडथळ्यांच्या शर्यतीत त्याच्यामागे दुसरा आला तो कलकत्त्याहून आलेला एक तरुण होता, नॉर्मन प्रिचर्ड. त्याचा जन्म कलकत्त्याचा, शिक्षण तेथील सेंट झेवियर्स कॉलेजचे. बंगालमधील १०० यार्डांचे अजिंक्यपद त्याने १८९४ पासून ओळीने सात वर्षे राखले होते. तो कुळाने इंग्रज, पण हिंदुस्थानच्या मैदानांवर वाढलेला. या दोघांची गाठ आठवड्याभराने पॅरिसला पुन्हा पडावयाची होती.

पॅरिसचे ते ऑलिंपिक आजच्या वाचकाला ऑलिंपिक म्हणून ओळखूही येणार नाही. त्या वर्षी पॅरिसमध्ये प्रचंड जागतिक प्रदर्शन भरले होते आणि क्रीडास्पर्धा ही त्या प्रदर्शनाची एक शाखा होती. मे महिन्यात सुरू झालेल्या स्पर्धा ऑक्टोबरपर्यंत रेंगाळत चालल्या. आपण भाग घेतला ती स्पर्धा ऑलिंपिकची होती, हे काहींना हयातभर कळले नाही. धावण्याच्या शर्यती बुलोन्यच्या वनराईत, एका क्रीडामंडळाच्या हिरवळीवर भरल्या. तेथे आखीव, खडी घातलेला धावमार्ग नव्हता. नुसते उंचसखल गवत आणि भोवती मोठमोठी झाडे. थाळीफेकीतील थाळ्या झाडांत जाऊन अडकत. मंडळाने आपली झाडे तोडू दिली नाहीत याबद्दल क्रीडापटू कुरकुरले. मला मात्र त्या मंडळाचे मनातून कौतुक वाटते.

शनिवार, १४ जुलै रोजी शर्यतींना प्रारंभ झाला. त्याच दिवशी ११० मीटर अडथळ्यांची अंतिम शर्यत झाली. क्रेन्झलाइनचा सहकारी मॅक्लीन आरंभी पुढे निसटला होता, पण क्रेन्झलाइनने त्याला गाठून १५.४ सेकंदांत शर्यत जिंकली. त्याच शनिवारी लांब उडीची प्राथमिक फेरी झाली आणि तीत सिरॅक्यूज विद्यापीठाचा मायर प्रिन्स्टीन ७.१७५ मीटर उडी मारून सर्वांच्या पुढे राहिला. हा प्रिन्स्टीन क्रेन्झलाइनचा तुल्यबळ प्रतिस्पर्धी होता. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याने २४ फूट सव्वासात इंच उडी मारून क्रेन्झलाइनचा उच्चांक मागे टाकला होता. लांब उडीची खरी झुंज या दोघांतच होती आणि ती रविवारी व्हावयाची होती.

पेच पडला तो येथेच. अमेरिकेतील बरीच विद्यापीठे त्या काळी निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांच्या आश्रयाखाली चालत आणि रविवारी, म्हणजे विश्रांतीच्या व उपासनेच्या दिवशी, आपल्या विद्यार्थ्यांनी मैदानात उतरू नये असा त्यांचा दंडक होता. फ्रेंच आयोजकांना हे सारे चमत्कारिक वाटले. त्यांच्याकडे रविवार हाच करमणुकीचा दिवस. त्यात शनिवारचा १४ जुलै हा त्यांचा राष्ट्रीय उत्सवदिन, सारे शहर संचलनाकडे लोटलेले. रविवार गाळला तर प्रेक्षक मिळावेत कोठून? थोडी घासाघीस झाली, आश्वासने दिली गेली आणि फिरविलीही गेली. अखेर रविवारच्या स्पर्धा रविवारीच होतील असे ठरले. मात्र लांब उडीत शनिवारच्या उड्याही अंतिम निकालात धरल्या जाणार होत्या.

सिरॅक्यूज हे मेथडिस्ट पंथीयांनी स्थापन केलेले विद्यापीठ. त्याने प्रिन्स्टीनला रविवारी उतरण्यास मनाई केली. आता गंमत, किंबहुना दैवदुर्विलास, असा की प्रिन्स्टीन हा मुळी ख्रिस्ती नव्हताच. तो पोलंडात जन्मलेला, लहानपणी आईबापांबरोबर अमेरिकेत आलेला ज्यू होता. ज्यूंचा पवित्र वार शनिवार. म्हणजे ज्या शनिवारी त्याने ७.१७५ मीटरची उडी मारली, तो त्याच्या स्वतःच्या धर्माचा विश्रांतिदिन होता. आणि ज्या रविवारी तो स्वस्थ बसला, तो दुसऱ्यांच्या धर्माचा. स्वतःचा वार त्याने खेळासाठी सोडला, आणि दुसऱ्यांचा वार विद्यापीठाच्या शिस्तीसाठी पाळला. क्रेन्झलाइन मात्र ख्रिस्ती होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकावर सोपविला होता आणि क्रेन्झलाइनने रविवारी उतरावयाचे ठरविले.

प्रिन्स्टीनची समजूत अशी होती की, रविवारी कोणीच उडी मारणार नाही असे अमेरिकन खेळाडूंचे आपसांत ठरले आहे आणि क्रेन्झलाइननेही तसा शब्द दिला आहे. असा शब्द खरोखर दिला गेला होता की केवळ गृहीत धरला गेला होता, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. घडले ते एवढेच. रविवारी, १५ जुलैला, क्रेन्झलाइनने आधी ६० मीटरची शर्यत ७ सेकंदांत जिंकली. मग तो लांब उडीच्या जागी गेला आणि आपल्या उड्यांपैकी एका उडीत त्याने ७.१८५ मीटर अंतर तोडले. ज्याला हरवावयाचे तो मैदानावर नव्हता. त्याची फक्त आदल्या दिवशीची खूण होती. तिच्यापेक्षा ही उडी एका सेंटिमीटरने सरस ठरली.

प्रिन्स्टीनच्या संतापाला पारावार राहिला नाही. सोमवारी आपण दोघे पुन्हा उडी मारू आणि काय तो निकाल लावू, असे आव्हान त्याने दिले. क्रेन्झलाइनने ते नाकारले. तेव्हा प्रिन्स्टीनने त्याच्या तोंडावर ठोसा लगावला अशी कथा सांगतात. काही वृत्तांतांत त्याला मित्रांनी वेळीच आवरले असे आहे.

क्रेन्झलाइनला दोष द्यावा काय? नियमाने पाहिले तर त्याच्या बाजूला तिळमात्र खोट नाही. स्पर्धा जाहीर झालेली होती, त्याच्या विद्यापीठाची त्याला मोकळीक होती, आणि उडी त्याने स्वतःच्या पायांनी मारलेली होती. कोणी न उतरल्यामुळे मिळालेला विजय हा लबाडीचा विजय नव्हे. त्या रविवारी इतरही काही अमेरिकन धावपटू अंतिम शर्यतीस आले नाहीत, आणि जे आले त्यांना कोणी चोर म्हटले नाही. पण नियम पाळणे आणि प्रतिस्पर्ध्याचा मान राखणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सोमवारची एक उडी त्याने मान्य केली असती तर त्याचे काय गेले असते? कदाचित एक पदक गेले असते. कदाचित तो हरलाही नसता. ज्याच्या पायांत चार विजयांचे सामर्थ्य होते, त्याने त्या एका सेंटिमीटरला इतके जपावे हे मनाला रुचत नाही. आपल्याकडे वार पाळणाऱ्यांची घरे पुष्कळ आहेत. एकादशीच्या दिवशी घरात कोणी उपाशी असताना त्याच्यासमोर पंक्ती मांडून जेवणे हा काही गुन्हा नव्हे. तरी ते शोभत नाही, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. दुसऱ्या बाजूने हेही म्हटले पाहिजे की, प्रिन्स्टीनचा खरा अन्यायकर्ता क्रेन्झलाइन नव्हे. ज्यांनी विद्यार्थ्याला सातासमुद्रापलीकडे पाठविले, त्याच्या वारी त्याला खेळू दिले आणि आपल्या वारी मात्र त्याचे पाय बांधले, त्यांच्याकडे जाब मागण्याचे कोणाला सुचले नाही. राग नेहमी समोर दिसणाऱ्या माणसावर निघतो.

सोमवारी, १६ जुलैला, दोघेही आपापल्या परीने मोकळे झाले. प्रिन्स्टीनने तिहेरी उडीत १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकचा विजेता कॉनोली यास मागे टाकून सुवर्णयश मिळविले. क्रेन्झलाइनने २०० मीटर अडथळ्यांची शर्यत २५.४ सेकंदांत जिंकून आपले चार विजय पुरे केले. त्या शर्यतीत दुसरा आला तो पुन्हा नॉर्मन प्रिचर्ड. पुढल्या आठवड्यात साध्या २०० मीटरच्या शर्यतीतही प्रिचर्ड दुसरा आला. आशियातील देशाच्या नावावर नोंदली गेलेली ऑलिंपिकची पहिली पदके ती हीच. ती हिंदुस्थानची मानावीत की ब्रिटनची, हा वाद अद्याप मिटलेला नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने ती भारताच्या खाती ठेवली आहेत. क्रीडासांख्यिकी ठेवणारे काही अधिकारी ब्रिटनच्या खाती मांडतात. प्रिचर्ड पुढे इंग्लंडला व तेथून अमेरिकेस गेला, नॉर्मन ट्रेव्हर हे नाव घेऊन नट झाला, हॉलिवुडच्या मूक चित्रपटांत कामे केली आणि १९२९ साली तिकडेच वारला. हिंदुस्थानचा संघ म्हणून खेळाडू पहिल्यांदा ऑलिंपिकला गेले ते त्यानंतर वीस वर्षांनी, १९२० साली अँटवर्पला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यती पाहून सर दोराबजी टाटा यांनी जी खटपट केली तिचे ते फळ. आणि त्या संघात मॅरेथॉन धावणारे फडेप्पा दरेप्पा चौगुले हे आपल्या बेळगावचे.

पॅरिसनंतर क्रेन्झलाइनने स्पर्धा सोडल्या. तेव्हा तो अवघा तेवीस वर्षांचा होता. त्याने काही काळ फिलाडेल्फियात दंतवैद्याचा व्यवसाय केला, पण मन रमले नाही. तो क्रीडाशिक्षक झाला. १९१० नंतर त्याने मिशिगन विद्यापीठात ॲन आर्बर येथे शिकविले. तेथील त्याचा शिष्य राल्फ क्रेग याने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० व २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. गुरूच्या या कीर्तीने जर्मनांचे लक्ष वेधले. १९१६ चे ऑलिंपिक बर्लिनला भरावयाचे होते, नवे क्रीडांगण बांधून तयार होते. १९१३ साली जर्मनीने आपल्या खेळाडूंना तयार करण्यासाठी क्रेन्झलाइनला पाच वर्षांच्या कराराने नेले. आईबापांनी सोडलेल्या देशात मुलगा गुरू होऊन परतला. पण वर्षभरातच महायुद्ध पेटले. १९१६ चे ऑलिंपिक झालेच नाही. क्रेन्झलाइन अमेरिकेला परत आला, आणि पुढे अमेरिका युद्धात उतरली तेव्हा ज्या जर्मन तरुणांना त्याने धावावयास शिकविले होते त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या सैनिकांना तो व्यायाम शिकवीत होता. युद्धानंतर तो काही काळ आपल्या जुन्या विद्यापीठात आणि क्यूबामध्ये शिकवीत राहिला. १९२८ सालच्या जानेवारीत, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, तो हृदयविकाराने निवर्तला. प्रिन्स्टीन त्याच्या आधीच, १९२५ साली, न्यूयॉर्कमध्ये वारला होता. तोही हृदयविकारानेच, आणि पन्नाशीही न गाठता. मधल्या काळात, १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये, लांब उडीचे सुवर्णपदक प्रिन्स्टीनने मिळविले होते. तेव्हा क्रेन्झलाइन मैदानात नव्हता. त्या दोघांची समोरासमोरची लांब उडी ऑलिंपिकमध्ये कधी झालीच नाही.

क्रेन्झलाइन वारल्यानंतर सात वर्षांनी, १९३५ सालच्या मे महिन्यात, जेसी ओवेन्सने एका दुपारी तासाभराच्या आत एकामागून एक उच्चांक प्रस्थापित केले. त्यांत लांब उडी होती, आणि २२० यार्डांची अडथळ्यांची शर्यतही होती. ती त्याने २२.६ सेकंदांत, म्हणजे क्रेन्झलाइनच्या १८९८ च्या वेळेपेक्षा बरोबर एक सेकंद आधी पुरी केली. ते मैदान ॲन आर्बरचे होते, ज्यावर क्रेन्झलाइनने मिशिगनच्या मुलांना शिकविले होते. पुढल्या वर्षी ओवेन्स बर्लिनला गेला.